हायलायटरसाठी ब्रश कोणता घ्यावा? लग्नसराईआधी एवढं बघून घ्या

बऱ्हाणपूर : तापीकाठच्या आपल्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि नेमक्या त्याच दिवसांत लग्नाच्या तारखा असतात. बऱ्हाणपूर असो की पलीकडचं रावेर, मुक्ताईनगर, या उन्हात हायलायटर जरा जास्त लागला की फोटोत चेहरा उजळ दिसण्याऐवजी घामेजलेला दिसतो. दोष डबीला दिला जातो, पण बऱ्याचदा चूक ब्रशची असते.

ब्रशने फरक का पडतो?

हायलायटरची चमक मुख्यतः अभ्रकाच्या बारीक कणांची असते. हे कण जिथे बसतील तिथेच उजेड परत फेकतात. त्यामुळे ब्रश मोठा असेल तर चमक गालभर पसरते. केस आखूड आणि दाट असतील तर एकाच जागी जाड पट्टा उमटतो. गालाच्या हाडावर जेमतेम बोटभर रुंदीची जागा चमकवायची असते, हे लक्षात ठेवलं की निवड सोपी होते.

कोणत्या हायलायटरला कोणता ब्रश?

पावडर : टोकाकडे निमुळता होत गेलेला, मऊ आणि थोडा मोकळा ब्रश घ्या. अगदी हलकी चमक हवी असेल तर पंख्यासारखा पसरट ब्रश चांगला, कारण तो पावडर कमी उचलतो. ब्लशरचा मोठा गोल ब्रश यासाठी वापरू नका.

क्रीम किंवा लिक्विड : इथे नायलॉनसारख्या कृत्रिम केसांचा, जरा दाट ब्रशच घ्या. जनावराचे केस क्रीम शोषून घेतात आणि धुवायलाही अवघड जातात. ब्रश ओढू नका, हलके थोपटत लावा. नाहीतर खालचं फाउंडेशन निघून येतं.

नाकाचा शेंडा, डोळ्यांचे आतले कोपरे, वरच्या ओठाची कमान : पेन्सिलच्या टोकाएवढा छोटा ब्रश.

दोनच ब्रश घेण्याइतकं बजेट असेल, तर एक निमुळता आणि एक छोटा, दोन्ही कृत्रिम केसांचे घ्या. ते पावडरलाही चालतात आणि क्रीमलाही. फक्त क्रीम लावल्यावर न धुता तोच ब्रश पावडरमध्ये बुडवू नका, पावडरच्या गुठळ्या होतात.

दुकानात काय तपासाल?

ब्रश गालावर फिरवून बघा, टोचला तर घेऊ नका. केस दोन बोटांत धरून हलकेच ओढा. एखाददुसरा केस आला तर ठीक, पण सारखे गळत असतील तर ब्रश परत ठेवा. दांडी आणि धातूची नळी यांचा जोड हलतोय का, तेही पाहा.

‘असली केसांचा’ म्हणून जास्त पैसे मागितले तर कोणत्या जनावराचे, हे नक्की विचारा. बकरीच्या केसांचे ब्रश सर्रास मिळतात. मुंगसाचे केस मात्र घेऊच नका. ते प्रामुख्याने रंगकामाच्या ब्रशमध्ये वापरले गेले आहेत, पण ब्रश कुठलाही असो, मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे. हा कायदा मध्य प्रदेशातही तोच, महाराष्ट्रातही तोच.

पार्लरवाल्या ताईंनो, हे तुमच्यासाठी

एकाच दिवशी नवरी, करवली, मावशी, सगळ्यांना तोच ब्रश फिरतो. त्यातून पुरळ आणि डोळ्यांचा संसर्ग एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतो. प्रत्येक चेहऱ्यानंतर ब्रश आधी पुसून घ्या, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून पूर्ण सुकू द्या. घाईच्या दिवशी दोन-तीन जादा ब्रश जवळ असलेले बरे. कुणाचे डोळे आले असतील तर तिच्यासाठी एकदा वापरून फेकायचाच ब्रश घ्या.

घरी वापरत असाल तर आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि साध्या शाम्पूने धुवा. धुताना केस खाली असू द्या. नळीत पाणी गेलं की आतला गोंद सुटतो आणि केस गळू लागतात. ब्रश उभा न ठेवता आडवा, सावलीत वाळवा.

आणि नवीन ब्रश लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा काढू नका. आठवडाभर आधी धुवून, लावून, दिवसा उजेडात एक फोटो काढून बघा. काही चुकत असेल तर तेव्हाच कळेल.