चांदी घालायची कोणी, उतरवायची कोणी?

हल्ली प्रदर्शनांतून आणि लग्नाच्या हॉलमधून ‘पारंपरिक चांदीचे दागिने’ म्हणून वाळे, गोठ, पाटल्या, तोडे मिरवले जातात. परंपरा हा शब्द ऐकला की आम्हाला पहिला प्रश्न पडतो: कोणाची परंपरा? या देशात माणसाला जात होती, पाण्याला जात होती, तशी धातूलाही होती.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडा. चांडाळांसाठी तिथे कायदा आहे: वस्त्रे प्रेताची, जेवण फुटक्या भांड्यात आणि दागिने लोखंडाचे. अंगावर कोणता धातू असावा हे ऐपतीने नाही, तर जन्माने ठरणार.

“ही जुन्या पोथीतली गोष्ट, तिचे काय एवढे?” असे विचारणाऱ्यांनी इंदूर संस्थानातला प्रसंग वाचावा. बाबासाहेबांनी तो १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नोंदवला आहे. ४ जानेवारी १९२८ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’तली ती बातमी. कनारिया, बिचोली-हाप्सी, बिचोली-मर्दाना आणि आसपासच्या गावांतल्या सवर्णांनी बलाई समाजावर अटी लादल्या. बलाई बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, ही त्यातली एक. मान्य नसेल तर गाव सोडा! बलाईंनी नकार दिला. मग त्यांचे विहिरीचे पाणी बंद, गुरांची चराई बंद, सवर्णांच्या शेतातून जाण्याची वाट बंद. शेकडो बलाई बायकापोरांसह घरदार सोडून धार, देवास, भोपाळकडे गेले.

आता याच दिवसांतले महाड पाहा. २५ डिसेंबर १९२७ ला तिथे मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. लुगडी नेसण्याची जुनी तऱ्हा सोडा, गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या नि चांदीच्या गोठ-पाटल्या टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. कारण हीच अस्पृश्यतेची ओळख होती. बाई दुरून दिसली की हातातल्या दागिन्यावरून तिची जात कळायची.

इथे कोणी म्हणेल, हा विरोधाभास झाला. इंदुरात चांदी घालण्याचा हक्क हवा, आणि महाडात तीच चांदी उतरवायची? आम्ही म्हणतो, विरोधाभास मुळीच नाही. एकीकडे मनाई होती, दुसरीकडे शिक्का होता. दोन्ही ठिकाणी निर्णय त्या बाईच्या हातात नव्हता. बलाई स्त्रीने मनाई नाकारली, महाडच्या स्त्रीने शिक्का झुगारला. लढाई एकच होती.

या चांदीला आणखी एक अर्थ होता. ती गरिबाची बँक होती. ब्रिटिश अमदानीतला रुपया चांदीचा, वजन बरोबर एक तोळा. १८९३ पर्यंत कोणीही टांकसाळीत चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. म्हणून दुष्काळात तोडे मोडले तरी जवळजवळ वजनाइतके मोल उभे राहायचे. १८९३ मध्ये सरकारने ही सोय बंद केली. नाण्याची किंमत सरकारने धरून ठेवली, नुसत्या चांदीची मात्र घसरत गेली. तोळाभर दागिना आता रुपयाच्या बरोबरीचा उरला नाही. कायदा झाला वर, आणि पुंजी आटली खेड्यातल्या बाईच्या पायातली.

चांदीच्या रुपयाचा हा इतिहास बाबासाहेबांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात उलगडला. चलन किती काढायचे हे राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडू नये, त्याला कायद्याची मर्यादा हवी, कारण पैशाची क्रयशक्ती घसरली की भुर्दंड गरिबाला बसतो, ही त्यांची भूमिका. लंडनमध्ये रुपयाचा अभ्यास करणारा अर्थशास्त्रज्ञ आणि महाडला गोठ-पाटल्यांबद्दल बोलणारा नेता ही दोन माणसे नव्हेत.

म्हणून मित्रांनो, काचेच्या पेटीतल्या दागिन्याखाली नुसते ‘लोककला’ लिहिलेले दिसले तर गप्प बसू नका. हा दागिना कोणाला बंद होता, कोणावर लादला होता, हे विचारा. आणि घरच्या आजीला तिच्या चांदीबद्दल विचारा: कधी घेतली, कधी गहाण पडली, कोणाच्या शिक्षणासाठी मोडली. ते वहीत उतरवून ठेवा. आपण लिहिले नाही, तर आपल्या आयाबायांचा इतिहास ‘पारंपरिक दागिने’ एवढ्या दोन शब्दांत संपवला जाईल.

जयभीम!