'अनावश्यक किचकट' रीतीची कुळकथा

१९५६ साली जोसेफ क्रुस्काल या अमेरिकन गणितज्ञाचा अवघ्या तीन पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला. संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आज परीक्षेसाठी जो क्रुस्कालचा अल्गोरिदम पाठ करावा लागतो, तो त्या तीन पानांतला. बोरूव्का नावाच्या एका चेक माणसाने तीस वर्षांपूर्वीच त्यामागचा प्रश्न सोडवला होता, हे क्रुस्कालने त्यात प्रामाणिकपणे नोंदवलं आणि लगेच शेरा मारला, की त्याची रचना आणि सिद्धता गरजेपेक्षा जास्त किचकट आहेत.

अब्जावधी बिंदूंचे ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांची जाळी) हाताळायची वेळ आली तेव्हा क्रुस्कालची सुटसुटीत रीत मागे पडली आणि किचकट म्हणून बाजूला सारलेली बोरूव्काची रीत पुढे आली. इतकं या क्षेत्रातल्यांना माहीत असतं. माझं म्हणणं याच्या पुढचं आहे: या रीतीचं घराणं एकट्या बोरूव्काचं नाही. तिची दुसरी शाखा पोलंडमध्ये मानवशास्त्राच्या मोजमापांतून फुटली, आणि आज मोठ्या ग्राफवर जे काम चालतं त्याचा तोंडवळा या दुसऱ्या शाखेशी जास्त जुळतो.

आधी प्रश्न. काही गावं आहेत आणि कोणत्या दोन गावांमध्ये तार टाकायला किती खर्च येतो ते माहीत आहे. प्रत्येक गावात वीज पोचली पाहिजे आणि तारेचा एकूण खर्च कमीत कमी हवा. अशा जोडणीला 'मिनिमम स्पॅनिंग ट्री', म्हणजे कमीत कमी खर्चाचं झाड, म्हणतात. ओताकार बोरूव्काचा जन्म १८९९चा. वेस्ट मोराविया वीज कंपनीत काम करणारा त्याचा मित्र यिंद्रिख साक्सेल याने त्याला हा प्रश्न घातला, कारण मोरावियात तेव्हा विद्युतीकरण चाललं होतं. १९२६मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, बोरूव्काने त्यावर दोन लेख छापले. एक गणितज्ञांसाठी, ब्रनोच्या निसर्गविज्ञान सभेच्या नियतकालिकात, बावीस पानांचा. दुसरा वीज अभियंत्यांच्या नियतकालिकात, दोन पानांचा, चाळीस ठिकाणांच्या उदाहरणासह. ग्राफ सिद्धान्ताचं पहिलं पाठ्यपुस्तक निघायला अजून दहा वर्षं होती. त्यामुळे पहिल्या लेखात बिंदू आणि कडा यांची भाषाच नाही, सगळा कारभार संख्यांच्या कोष्टकांचा. क्रुस्कालला तो किचकट वाटला यात नवल नाही.

रीत मात्र सोपी आहे. मोरावियाच्या परिसरातली सहा शहरं घेऊ: ब्रनो, विश्कोव्ह, प्रोस्त्येयोव्ह, त्रेबीच, यिहलावा आणि झनोयमो. (उदाहरण माझं, बोरूव्काचं नव्हे, अंतरं सरळ रेषेतली आणि ढोबळ.) पहिल्या फेरीत प्रत्येक शहराने फक्त स्वतःचा सगळ्यात जवळचा शेजारी निवडायचा. यिहलावा आणि त्रेबीच एकमेकांना निवडतात, २९ किलोमीटर. झनोयमोला त्रेबीच जवळचं, ४२. विश्कोव्ह आणि प्रोस्त्येयोव्ह एकमेकांना, २३. ब्रनो विश्कोव्हला, ३०. फेरी संपली तेव्हा सहा शहरांचे दोन गट झालेले आहेत. दुसऱ्या फेरीत गटाने शेजारी गट निवडायचा: ब्रनो ते त्रेबीच ५३, ब्रनो ते झनोयमो सुमारे ५५. म्हणजे ब्रनो-त्रेबीच. काम संपलं, १७७ किलोमीटर तार. अट एकच, की कोणतीही दोन अंतरं अगदी सारखी नकोत. तीन गावं एकमेकांपासून समान अंतरावर असली तर पहिलं दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला आणि तिसरं पहिल्याला निवडून वर्तुळ करतील, आणि एक तार फुकट जाईल.

क्रुस्कालच्या रीतीने हेच उत्तर येतं. पण त्यात सगळी अंतरं एका यादीत चढत्या क्रमाने मांडायची आणि वरून एकेक तपासत यायचं. ही यादी कोणातरी एकाच्या टेबलावर असावी लागते. बोरूव्काकडे यादीच नाही. विश्कोव्हला यिहलावाची खबर असायची गरज नाही. सगळे एकाच वेळी आपापलं बघतात. प्रत्येक फेरीत गटांची संख्या निदान निम्मी होते, म्हणून दहा लाख बिंदूंना वीस फेऱ्या पुरतात आणि शंभर कोटींना तीस. एकाच यंत्रात न मावणारा ग्राफ हजार यंत्रांवर वाटलेला असतो तेव्हा लागतं ते नेमकं हेच.

मधली पिढी एका दमात सांगून टाकतो. वोयतेख यार्निकने बोरूव्काला पत्र लिहून दुसरी रीत कळवली, ती १९३०मध्ये छापून आली: एका गावापासून सुरू करून झाड वाढवत न्यायचं. तीच १९५७मध्ये बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट प्रिमने पुन्हा शोधली आणि १९५९मध्ये डायक्स्ट्राने तिसऱ्यांदा. नाव मिळालं प्रिमला. फ्रान्समध्ये १९३८ साली गुस्ताव्ह शोके बोरूव्काच्याच रीतीवर येऊन पोचला होता. पुढे साठच्या दशकात सोलॅं नावाच्या आणखी एका फ्रेंच माणसाने ती मांडली, आणि समांतर संगणनाच्या पुस्तकांत बरीच वर्षं ती सोलॅंच्या नावावर चालली. म्हणजे ज्या क्षेत्राला तिची खरी गरज होती, तिथेच मूळ मालकाचं नाव नव्हतं!

आता पोलंडमधली दुसरी शाखा, म्हणजे व्रोत्सवाफ. १९४५पर्यंत हे शहर जर्मनीत होतं, नाव ब्रेस्लाउ. युद्धानंतर ते पोलंडकडे आलं, पोलंडचं ल्वूव्ह शहर सोव्हिएत संघाकडे गेलं, आणि ल्वूव्हचे कितीतरी प्राध्यापक बाडबिस्तरा घेऊन व्रोत्सवाफला आले. त्यांतला एक गणितज्ञ ह्यूगो स्टाइनहाउस. व्यवहारातले प्रश्न घेऊन कोणीही यावं, डॉक्टरने, शेतकीवाल्याने, जंगलवाल्याने, आणि स्टाइनहाउसने त्यात गणित शोधावं, असा त्याचा खाक्या. १९५१मध्ये फ्लोरेक, वुकाशेविच, पेर्काल, स्टाइनहाउस आणि झुब्झित्स्की या पाच जणांनी चार पानांचा एक फ्रेंच लेख छापला. विषय: बिंदूंच्या सांत संचाची जोडणी आणि विभागणी. त्याच वर्षी हीच रीत पोलंडच्या मानवशास्त्राच्या नियतकालिकात 'व्रोत्सवाफ वर्गीकरण' या नावाने आली.

यात तारा नाहीत, गावंही नाहीत. प्रत्येक बिंदू म्हणजे एक नमुना, त्याची मोजमापं घेतलेली. दोन नमुने किती वेगळे, ते म्हणजे त्यांच्यातलं अंतर. अशा नमुन्यांचे गट पाडायला यान चेकानोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने १९०९मध्ये कोष्टकाची एक रीत काढली होती. त्यात ओळी नि रकाने पुढेमागे सरकवून काळे ठिपके एका जागी आणायचे, म्हणजे बराचसा भाग नजरेच्या अंदाजावर. व्रोत्सवाफच्या मंडळींना अंदाज नको होता. म्हणून प्रत्येक नमुन्याने आपल्या सर्वांत जवळच्या नमुन्याशी जोडून घ्यायचं. त्यातून जे पुंजके बनतील ते पहिल्या श्रेणीचे. मग पुंजक्यांनी पुंजक्यांशी जोडून घ्यायचं, ते दुसऱ्या श्रेणीचे. असं करत सगळं एका झाडात आलं, की लांबलचक फांद्या कापायच्या. जे तुकडे उरतील ते गट.

ही बोरूव्काचीच रीत, पायरीला पायरी. यांनी ती ब्रनोहून उचलली का? दोन शहरांतलं अंतर फार नाही, आणि चेक लेख पोलिश माणसाला वाचायला अवघड जात नाही, असा युक्तिवाद करता येईल. ग्रॅहम आणि हेल या दोघांनी १९८५मध्ये या प्रश्नाचा जो इतिहास लिहिला तो मात्र याला स्वतंत्र शोध मानतो, आणि मीही त्याच बाजूचा आहे. माझं कारण वेगळं आहे. उसनी घेतलेली रीत माणूस बहुधा उसन्या घेतलेल्या कामासाठीच वापरतो. बोरूव्काला झाड हवं होतं आणि वाटेतले गट म्हणजे त्याच्या लेखी कामचलाऊ परांची. झाड पूर्ण झालं की काढून टाकायची. व्रोत्सवाफला गट हवे होते. त्यांनी प्रत्येक फेरीच्या पुंजक्यांना श्रेणीचं नाव दिलं. ज्या गोष्टीला एकजण नावसुद्धा देत नाही, तीच दुसऱ्याला मुख्य वाटते, तेव्हा वाट वेगळी होती असं समजायला हरकत नाही.

आता २०१७वर येऊ. त्या वर्षी 'अफिनिटी क्लस्टरिंग' नावाची रीत प्रसिद्ध झाली. सात लेखक, बरेच गूगलच्या संशोधन विभागातले. त्यांत सोहेल बेहनेझाद आणि महसा देराख्शान हे मेरीलँड विद्यापीठात पीएच.डी. करणारे दोघे होते. काम असं, की प्रचंड ग्राफ अनेक यंत्रांवर पसरलेला आहे, त्यातल्या बिंदूंचे गट पाडायचे, आणि गटांचे मोठे गट. उपाय असा, की प्रत्येक गटाने आपला सर्वांत जवळचा शेजारी निवडायचा, जोडले गेलेले सगळे एक करायचे, पुन्हा फेरी. एकेका फेरीचे गट म्हणजे वर्गीकरणाची एकेक पातळी. लेखकांनी आधार म्हणून बोरूव्काचं नाव घेतलं आहे आणि ते रास्त आहे. पण तार कोणाला टाकायची आहे इथे? फेरीगणिक पुंजके आणि त्यांच्या श्रेणी, हा आराखडा १९५१चा आहे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. व्रोत्सवाफवाले शेवटी लांब फांद्या कापतात, आणि तसं कापून निघणारे गट म्हणजे ज्याला 'सिंगल लिंकेज' म्हणतात तेच. हे गोवर आणि रॉस यांनी १९६९मध्ये दाखवलं. त्या गटांची जुनी तक्रार अशी, की एकाला एक चिकटत लांब साखळी होते आणि एकच अवाढव्य गट उरतो. अफिनिटीवाल्यांनी नेमकी हीच खोड टाळायला फेरीवर थांबणं पसंत केलं. म्हणजे फरक आहेच. तरीही माझं मत बदलत नाही, कारण थांबायची ती जागा, पहिली श्रेणी, दुसरी श्रेणी, व्रोत्सवाफने आखून ठेवली होती. बोरूव्काला वंशावळीतून काढा असं मी म्हणत नाही; शेजारी आणखी एक चौकट काढा म्हणतो.

व्रोत्सवाफचं नाव या कथेत आणखी एकदा येतं. समजा प्रत्येक बिंदू म्हणजे एक संगणक आहे आणि दर फेरीत तो इतर प्रत्येकाला एक छोटा निरोप पाठवू शकतो. किती फेऱ्यांत झाड तयार होईल? बोरूव्काच्या रीतीत गटाचा आकार दर फेरीत निदान दुप्पट होतो: २, ४, ८, १६. लोत्कर, पाट-शामिर, पावलोव्ह आणि पेलेग यांनी २००३मध्ये युक्ती काढली. गट मोठा झाला की त्यात निरोप्येही जास्त, मग त्याने एकच जवळचा शेजारी का निवडावा? गटात जितके बिंदू, तितके शेजारी निवडू द्या. आता आकाराचा वर्ग होत जातो: २, ४, १६, २५६, ६५,५३६. शंभर कोटींना तीसऐवजी सहाएक फेऱ्या. २०१५मध्ये पाच जणांनी ते आणखी खाली आणलं. त्यांच्यात एक आडनाव सरदेशमुख आहे. २०१६मध्ये गफारी आणि पार्टर यांनी आणखी. आणि २०१८मध्ये तळ गाठला गेला: ग्राफ कितीही मोठा असो, ठरावीक फेऱ्या पुरतात. हे करणारे युर्जिन्स्की आणि नोवित्स्की, व्रोत्सवाफ विद्यापीठाचे. त्यांच्या रीतीत यदृच्छेचा, म्हणजे नाणेफेकीसारख्या निवडींचा, आधार होता. २०२१मध्ये नोवित्स्की यांनी एकट्याने तोही काढून टाकला.

हे स्टाइनहाउसच्या मंडळींकडून वारशाने आलं असं म्हणायचा मोह मलाही होतो, पण तो आवरलेला बरा. या कामाची वाट २००३च्या लेखावरून जाते, मोजमापांच्या कोष्टकांवरून नाही. शहर एक, घराणं एक, नातं चुलत.

बोरूव्का स्वतः या प्रश्नाकडे पुन्हा वळलाच नाही. भूमिती आणि विकलक समीकरणं यांत त्याने आयुष्य घालवलं आणि १९९५मध्ये, शहाण्णवाव्या वर्षी, ब्रनोला वारला. त्याच वर्षी कार्गर, क्लाइन आणि टार्जन यांची एक गाजलेली रीत प्रसिद्ध झाली. बोरूव्काच्या फेऱ्या हा तिचा कणा आहे. १९२६च्या दोन्ही लेखांचं इंग्रजी भाषांतर यायला २००१ उजाडलं.

आपल्याकडे वर्गात अजून प्रिम आणि क्रुस्काल एवढंच शिकवतात. शिकवणाऱ्यांना एक सुचवणं आहे: या दोघांच्या आधी बोरूव्का घ्या. सहा मुलं उभी करा, प्रत्येकाला एक शहर द्या आणि फक्त त्याच्या शहराची अंतरं लिहिलेली एक चिठ्ठी. फळ्यावर यादी लिहू नका.