गिअर का खरखरतो?

गिअर बदलताना खर्रर्र आवाज आला की मेकॅनिक कान टवकारतो. हा आवाज जवळजवळ मोटारीइतकाच जुना आहे. १८९०च्या दशकात फ्रान्समधील पानार-लव्हासोर कंपनीने दांड्यावर सरकणारी दातेरी चाके वापरली. निरनिराळ्या वेगाने फिरणारे दाते एकमेकांत अडकवायचे, म्हणजे आपटाआपट आलीच. मग चालक ‘डबल क्लच’ शिकले: न्यूट्रलमध्ये येऊन क्लच सोडायचा, खालचा गिअर हवा असेल तर इंजिनाचा वेग वाढवायचा आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा.

१९२८ साली अमेरिकेत अर्ल थॉम्प्सन यांची ‘सिंक्रोमेश’ रचना कॅडिलॅक मोटारीत आली. हिच्यात दाते जुळण्यापूर्वी शंकूच्या आकाराचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात व दोहोंचा वेग सारखा होतो. पुढे हे काम बहुधा पितळी कड्यांकडे आले. घर्षण उपकारक की अपायकारक, हा आपला वर्गातला आवडता प्रश्न. येथे एकाच कड्यात दोन्ही उत्तरे मिळतात. कडे झिजले की जुनी खरखर परत येते.

पण क्लच पुरता सुटत नसेल तरी दाते खरखरतात. मग दोष कोणाचा? उभ्या गाडीत क्लच दाबून, क्षणभर थांबून रिव्हर्स टाकावा. पुष्कळ गाड्यांत त्याला सिंक्रोमेश नसते. तोही खरखरला तर आधी क्लच पाहावा; कधी नुसती केबल जुळवून भागते. रिव्हर्स शांतपणे पडला, पण चालत्या गाडीत दुसरा गिअर मात्र डबल क्लच केल्यावरच गुपचूप पडतो, असे दिसले तर संशय कड्यावर. अशा वेळी गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च आम्हाला रास्त वाटतो.