शलमोनाचे पान

खुलताबादेत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आवारात पहिला निजाम आसफ जाह चिरनिद्रा घेत आहे. १७४८ साली तो बुऱ्हाणपुरास वारला व त्याचा देह येथे आणण्यात आला. जवळच औरंगजेबाची साधी, उघडी कबर असल्याने प्रवाशांची पावले तिकडे वळतात. निजामापाशी रेंगाळणारे थोडे, आणि त्यांतही 'आसफ जाह' या किताबाचा अर्थ पुसणारा विरळाच. आपण मात्र तो अवश्य पुसावा. कारण आसफ म्हणजे मुस्लिम परंपरेतला सुलेमानाचा वजीर, आणि सुलेमान म्हणजे आपला दावीदपुत्र शलमोन. आसफाच्या तोलाचा मानकरी, असा त्या किताबाचा भाव आहे.

पवित्र शास्त्रातील शलमोन जादूगार नाही. गिबोन येथे तो देवापाशी केवळ विवेकी अंतःकरण मागतो. तरीही राजांचा इतिहासकार मोजदाद करण्याचा मोह आवरत नाही : ३००० नीतिवचने, १००५ गीते, वर्षाला ६६६ किक्कार सोने. झाडे, पशू, पक्षी व मासे यांविषयी तो बोलत असे, असेही तेथे म्हटले आहे. आणि पाखरांविषयी बोलणाऱ्याला पाखरांची भाषाच अवगत असल्याचे पुढच्या पिढ्यांनी ठरवून टाकले. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो की, शलमोनाच्या मंत्रविद्येच्या आधारे एलाजार नावाच्या एका यहुद्याने सम्राट वेस्पासियनासमोर भुते काढून दाखविली. पुढे मुद्रेची अंगठी आली व मंदिर बांधण्यास राबविलेली भुतेही आली. कुराणात वारा आणि जिन्न त्याच्या आज्ञेत आहेत. मात्र जादू शिकविली ती सैतानांनी, सुलेमानाने नव्हे, असेही कुराण बजावते. शेबाच्या राणीचे सिंहासन डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आणून ठेवणारा ज्ञानी पुरुष तेथे निनावी आहे. परंपरेने त्याला आसफ हे नाव दिले.

हा शलमोन हिंदुस्थानात पोचला तो दंतकथांतून आणि खेळाच्या पानांतूनही. अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या गंजिफ्याचे वर्णन केले आहे. रंग १२, प्रत्येकाची पाने १२, एकूण १४४. अश्वपती दिल्लीच्या बादशहासारखा, गजपती ओरिसाच्या राजासारखा, पायदळाचा धनी नरपती विजापूरच्या राजासारखा. पुढे सुरपती, आणि त्याच्या पाठोपाठ असुरपती. या असुरपतीच्या राजपानावर कोण बसला असेल? सिंहासनारूढ दावीदपुत्र सुलेमान! दुसऱ्या पानावर घोड्यावर स्वार झालेला वजीर, उरलेल्या दहांवर जिन्न. वजिराचे नाव अबुल फझल देत नाही. पण ज्याने त्या कथा ऐकल्या असतील त्याच्या मनात आसफाशिवाय दुसरे कोण येणार? ज्या राजाच्या शहाणपणाला अंत नव्हता, त्याचे सामर्थ्य येथे एका वाक्यात आटोपले : राजा वजिराला मारतो, वजीर दहा जिन्नांना.

मला हे चित्र मुळीच अवमानकारक वाटत नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पाने असतात, आणि तेथे तर साक्षात विष्णूचे अवतार राजे म्हणून बसले आहेत. दिवसा डाव रामाच्या राजाने सुरू करायचा, रात्री कृष्णाच्या, असा संकेत आहे. म्हणजे पानाचा मान घटकाप्रहरानुसार फिरतो! भक्तीला आकड्यांत बसविताना खेळगड्यांनी ठेवलेली ही सूट मला फार शहाणपणाची वाटते.

ही सूट अमेरिकेतील नव्या खेळाला साधली नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कथाभिनयाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक पात्राचे गुण तीन फाशांनी, ३ पासून १८ पर्यंत ठरत. आणि बुद्धी व शहाणपण हे दोन निराळे गुण मानले होते. (आपल्या शलमोनाला तरुणपणी दोन्हींत १८ आणि म्हातारपणी दुसऱ्यात फार तर ५ द्यावे लागतील.) १९७६ च्या पुरवणीत भारतीय देवदेवतांनाही आकडे लावण्यात आले. १९७७ साली 'द ड्रॅगन' मासिकात एका लेखकाने टोल्किनच्या गंडाल्फचे सारे चमत्कार तपासून निकाल दिला की, हा महान जादूगार केवळ पाचव्या पायरीचा आहे.

हिशेब चुकला नव्हता, प्रश्न चुकला होता. टोल्किन निष्ठावंत कॅथलिक. आपली कादंबरी मुळात धार्मिक व कॅथलिक आहे, असे त्याने रॉबर्ट मरे या येशूसंघीय मित्राला १९५३ साली कळविले होते, आणि गंडाल्फ हा देहधारी देवदूत आहे असे दुसऱ्या एका पत्रात. त्याला तर बळाशी बळाने टक्कर देण्याचीच मनाई आहे. जे त्याने वापरले नाही, तेच त्याचे मोठेपण. वापरलेल्या मंत्रांची यादी करणाऱ्याला ते कोठे सापडणार?

असेच आकडे खुलताबादच्या साधूंभोवतीही जमले. सुलीभंजनच्या वाटेवर परियों का तालाब आहे आणि जलालुद्दीन गंज-ए-रवां यांच्या काठीचे झाड झाल्याची श्रद्धा आहे. सुफी संत दख्खनेत आले ते ७०० जणांसह, कोणी म्हणतात १४०० जणांसह. कार्ल अर्न्स्ट यांनी १९९२ च्या 'इटर्नल गार्डन' या ग्रंथात दाखविले आहे की, येथील लढवय्या संतांच्या कथा पुष्कळ नंतरच्या. बुऱ्हाणुद्दीन यांच्या शिष्यांनी टिपलेल्या संभाषणांत तो सूर नाही.

निजामाच्या घराण्याचीही अशीच एक कथा आहे. औरंगाबादच्या निजामुद्दीन या सुफींनी भुकेल्या आसफ जाहपुढे कुलचे ठेवले, त्याने सात खाल्ले, म्हणून सात पिढ्या राज्य चालेल असा आशीर्वाद मिळाला. कुलचा निजामाच्या ध्वजावर चढला. सातवा आसफ जाह मीर उस्मान अली खान याचे राज्य १९४८ साली संपले, म्हणून कथा खरी ठरली असे लोक सांगतात. मात्र सात ही संख्या जुळविण्यासाठी पहिल्या आणि दुसऱ्या आसफ जाहच्या मधले तीन सत्ताधारी गाळावे लागतात. त्यांतला नासिर जंग १७५० साली मारला गेला. त्याची कबरही याच आवारात, बापाजवळ आहे.