तळटीप : कयाकची सी-वन

१. कयाकची सी-वन कशी करतात, हे लेखकाने एका वाक्यात उरकले आहे. तयार सी-वन (एकट्याने, गुडघे टेकून वल्हवायची कनू) बाजारात क्वचितच मिळते, म्हणून हौशी मंडळी प्लास्टिकच्या कयाकमधली बैठक उपसून काढतात आणि तिथे कापून-घासून खोगिरासारखा केलेला घट्ट फोमचा ठोकळा चिकटवतात. मांड्यांवरून पट्टे आवळून, गुडघे टेकून बसायचे. वल्ह्याला पाते एकच. ठोकळा उंच ठेवला तर नाव डुगडुगते, खाली आणला तर घोट्यांवर भार येऊन पाय बधिर होतात. सगळी घासाघीस या बोटभर उंचीसाठी! कमरेभोवतीचा पाणीरोधक घेर मात्र कयाकचाच चालतो. स्पर्धांचे म्हणाल तर, ऑलिंपिकमध्ये पुरुषांची सी-वन स्लॅलम (फाटकांतून वाट काढायची शर्यत) पहिल्यांदा झाली १९७२ साली. महिलांची थेट २०२१ साली, टोकियोत. पहिले सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सचे. — संपा.