लिनक्सचे मोठ्या डिस्कवर स्थलांतर

हार्ड डिस्क भरली की तिच्यावरचे लिनक्स नव्याने न बसवता फायली, खाती आणि सेटिंगसकट मोठ्या डिस्कवर नेण्याची रीत. नागपूरच्या गांधीबागेतल्या ठोक कापडाच्या दुकानात वर्षानुवर्षांची बिले आणि उधारी एकाच संगणकात असली, तर हीच रीत परवडते. काम दुकान बंद झाल्यावर, लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून करावे. चालू प्रणालीची नक्कल भरवशाची नसते.

‘डीडी’ ही युनिक्सकाळातली आज्ञा रिकाम्या जागेसकट सगळी डिस्क जशीच्या तशी उतरवते. सेकंदाला १०० एमबी वेगाने ५०० जीबीला दीड तासाच्या आसपास वेळ लागतो. डीडी काही विचारत नाही. मूळ आणि नवी डिस्क यांची नावे उलटी पडली, तर कोरी डिस्क खातेवहीवर उतरते. म्हणून आधी ‘एलएसबीएलके’ या आज्ञेने दोन्हींचे आकार पाहावेत. नकलेतले विभाजन जुन्याच आकाराचे राहते. ‘जीपार्टेड’ने ते वाढवले की आतली ईएक्सटी४ फाइल-व्यवस्थाही ताणली जाते. जुन्या डिस्कवर विभाजनांचा तक्ता एमबीआर प्रकारचा असेल, तर ५१२ बाइटच्या सेक्टरांत २.२ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. तक्ता जीपीटी प्रकारचा करावा लागतो.

डीडीऐवजी ‘आरसिंक’ वापरले, तर ते फक्त फायली नेते. मालकी, परवानग्या आणि हार्ड लिंक टिकवणारे पर्याय मात्र आठवणीने द्यावे लागतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर असताना वीज गेली, तर डीडी पहिल्यापासून चालवणे आले. आरसिंक पुन्हा चालवले की उरलेलेच उचलते. यूपीएस नसेल तर आरसिंकच बरे.

लोक अडतात ते नकलेत नव्हे, बूटमध्ये. आरसिंकनंतर नव्या विभाजनाचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) वेगळा असतो. तो ‘एफएसटॅब’ या फायलीत बदलून ग्रब हा बूटलोडर पुन्हा बसवावा लागतो. डीडीमध्ये उलट भानगड: दोन्ही डिस्कांचा यूयूआयडी एकच, त्यामुळे दोन्ही जोडलेल्या असताना कोणती उघडली हे कळत नाही. पहिल्या बूटला जुनी काढूनच ठेवावी. डिस्कवर एलव्हीएम (लॉजिकल व्हॉल्यूमची व्यवस्था) असेल तर ‘पीव्हीमूव्ह’ चालू प्रणालीतच माहिती हलवते, पण बूटचे विभाजन वेगळे न्यावे लागते. डिस्कच खराब होत आली असेल, तर डीडीऐवजी ‘डीडीरेस्क्यू’ वापरावे.

जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नये. नव्या डिस्कवरून निदान एक जीएसटी विवरणपत्र भरून होईपर्यंत ती कपाटात ठेवावी.