पाणचक्कीचा हिशेब

औरंगाबादला (२०२३ पासून या शहराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे) पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी बीबी का मकबरा दाखवतो आणि मग पाणचक्की. मकबऱ्यात पाहुणे मान वर करून बघत राहतात. पाणचक्कीत हौदाच्या काठी टेकतात, मासे बघतात, चक्की पाहतात आणि निघतात. आम्हीही कित्येक वर्षे असेच केले. यातली दुसरी वास्तू आपल्या रोजच्या जगण्याबद्दल काही सांगते आहे, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले.

हे शहरच मुळी पाण्याच्या शिस्तीवर उभे राहिले. हबशाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता वजीर झालेला मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी वसवली. आसपास मोठी नदी नाही, पाऊस बेताचा. त्याने डोंगराच्या पायथ्याचे जमिनीखालचे पाणी गोळा करून नहरीने गावात आणले. हीच नहर-ए-अंबरी. पुढच्या काळात आणखी नहरी झाल्या. त्यांतलीच एक पाणचक्कीची.

पाणचक्की ज्या तकियात आहे तो नक्शबंदी सूफींचा. मध्य आशियातून आलेले बाबा शाह सईद पलंगपोश आणि त्यांचे मुरीद बाबा शाह मुसाफिर यांचा. 'पलंगपोश' म्हटले की आपल्याला अंथरुणावरची चादर आठवते, पण फारसीत पलंग म्हणजे बिबट्या. बिबट्याचे कातडे पांघरणारा तो पलंगपोश. बुखाऱ्याजवळच्या गुजदवानचे बाबा मुसाफिर नावाप्रमाणेच प्रवासी होते. पलंगपोश मोगल फौजेबरोबर हिंडत राहिले, मुसाफिर मात्र इथे स्थिरावले. त्यांच्यानंतर शाह महमूद यांनी तकियाची व्यवस्था पाहिली, इमारती वाढवल्या आणि दोन्ही बुजुर्गांच्या आठवणी 'मलफूजात-ए-नक्शबंदिया' या फारसी ग्रंथात लिहून ठेवल्या. सायमन डिग्बी यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. औरंगजेबाच्या काळातील दख्खन केवळ लढायांच्या बखरीतून वाचणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा. तिथे फौजेच्या मागे चालणारी साधी माणसे, त्यांची भूक आणि त्यांच्या अडचणी भेटतात.

तकियात फकीर राहत, यात्रेकरू उतरत, विद्यार्थी शिकत. एवढ्या माणसांना भाकरी हवी, म्हणजे पीठ हवे. म्हणून ही चक्की. हर्सूलच्या बाजूने खापराच्या नळ्यांतून पाणी येते. आपल्याच दाबाने ते उंच भिंतीवर चढते आणि तिथून धबधब्यासारखे खाली पडते. पडत्या पाण्याच्या जोरावर खालचे पात्यांचे चाक फिरते आणि त्याच्या आसाबरोबर वरची तळी फिरते. बैल नको, जळण नको. हेच पाणी मोठ्या हौदात साठते. या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत. डोक्यावर पाणी असल्यामुळे भर उन्हाळ्यात ते दालन गार राहते. जादा झालेले पाणी शेजारच्या खाम नदीला मिळते. म्हणजे एकाच पाण्याने दळण केले, वुजूची सोय केली, राहणाऱ्यांना गारवा दिला, आणि मगच ते नदीत गेले.

आम्हाला यात केवळ कारागिरांचे कौशल्य दिसत नाही. एक वृत्तीही दिसते. कोणतीही वस्तू एका कामापुरती नसते, तिचे सगळे काम करून घेतल्याशिवाय तिला सोडू नये, ही ती वृत्ती. ज्या दीनमध्ये वाहत्या नदीकाठी बसूनही वुजूचे पाणी उधळू नये अशी शिकवण आहे, त्या दीनच्या माणसांनी अशी वास्तू उभारावी यात नवल नाही. पैगंबर साहेब (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत, असे सहीह हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे दोन ओंजळी मिळून भरेल एवढे माप, आजच्या हिशेबाने लिटरहून कमी. आपली चप्पल आणि आपला कपडा ते स्वतः सांधत, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो.

ऐकत आलो, पण करतो काय? एकदा आम्ही घरातल्या नळाखाली बादली ठेवून नेहमीच्या सवयीने वुजू केला. बादलीत सहा लिटर पाणी जमले. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा दादीचा बधना काढला. एका बधन्यात वुजू झाला आणि तळाशी पाणी उरलेही. पाच वेळच्या नमाजांचा हिशेब मांडला, घरातल्या माणसांनी गुणला आणि आम्ही गप्प झालो. ज्या शहराने अनेक उन्हाळे चार-चार, आठ-आठ दिवसांआड नळाला पाणी आलेले पाहिले, त्या शहरात आम्ही हे करीत होतो.

त्या बधन्यामागे एक आख्खी व्यवस्था होती. बधना तांब्याचा. त्याला वर्षातून एकदा कल्हई लागे. कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशी भट्टी मांडी, भाता हलवी, तापल्या भांड्यात नवसागर टाकी, कथील फिरवी आणि पांढऱ्या धुरातून भांडे नवे होऊन बाहेर येई. जुन्या लुगड्यांची आणि लुंग्यांची गोधडी होई, गोधडी विरली की तिची दुपटी होत, दुपटी फाटली की पोतेरे. कपडा फेकला जाई तो धागा उरला नाही तेव्हाच. दस्तरखान एक, त्यावर मोठे ताट एक आणि भोवती चार-सहा माणसे. ताटे कमी म्हणून भांडी कमी, भांडी कमी म्हणून घासण्याचे पाणी कमी.

आणि जमातीच्या देगा! शादीला, अकीक्याला, चाळिसाव्याला लागणाऱ्या मोठ्या देगा कुणी घरी बाळगत नसे. त्या जमातीच्या. मशिदीच्या बाजूच्या खोलीत असत. नेताना वहीत नोंद, आणताना मोजदाद, चेपली तर दुरुस्ती नेणाऱ्याकडे. शंभर घरांना मिळून दहा देगा पुरत. गरिबाची आणि सावकाराची बिर्याणी एकाच देगेत शिजे. आज 'वस्तू वाटून वापरा' असे जग आपल्याला नव्याने शिकवते आहे. आपल्या मोहल्ल्यात त्याची वही होती.

इथे थोडे थांबून स्वतःलाच टोकले पाहिजे. जुन्या काळाचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. पुष्कळ घरांत वस्तू कमी होत्या त्या तत्त्वामुळे नव्हे, गरिबीमुळे. कमी वस्तूंत संसार करायचा म्हणजे बायकांनी पाणी भरायचे, गोधड्या शिवायच्या, रात्री कंदिलाखाली ठिगळे लावायची. ते कष्ट त्यांच्या पदरी पुन्हा घालावेत असे आम्ही म्हणणार नाही. आणि याच शहरात दरबारी सरदारांचे थाटमाटही होते. फकिरी हा सर्वांचा स्वभाव कधीच नव्हता. पण इफलास आणि जुहद यांत फरक आहे. इफलासमध्ये माणसाला मिळत नाही. जुहदमध्ये मिळत असूनही तो गरजेपुरते घेतो. पहिला दूर करायचा असतो, दुसरा जपायचा असतो. आपल्या हाती पैसा आला तेव्हा आपण पहिल्याबरोबर दुसराही घराबाहेर काढला.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. रमजानच्या इफ्तारनंतर मशिदीबाहेर ताटल्या-पेल्यांचा ढीग पडतो. प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अशा वस्तूंवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, पण सवयीला कायदा लवकर लागू होत नाही. मलिक अंबरच्या नहरीवर बांधकामे झाली, कुठे नळ्या फुटल्या, कुठे सांडपाणी शिरले. खाम नदीचा नाला झाला. २०२१ पासून पालिका आणि नागरिकांनी तिच्या सफाईचे काम हाती घेतले, ही समाधानाची गोष्ट. पण आपला कचरा आपणच टाकत राहिलो तर दुसऱ्यांनी किती उचलावा?

मागच्या वर्षी आम्ही देगांची ती खोली पाहायला गेलो. किल्ली एका म्हाताऱ्या चाचांकडे होती. कुलूप गंजलेले. आत देगा एकात एक रचून ठेवलेल्या, वर धुळीचा थर. चाचा म्हणाले, "देगां तो है बावा, पन मांगने कोन आता अब?" आता मंडपवाला सगळे आणतो आणि उरलेले तिथेच टाकून जातो.

त्या दिवशी आम्ही चार देगा कल्हईला द्यायच्या ठरवल्या. कल्हईवाला शोधायलाच तीन दिवस लागले. घरच्या अकीक्याला त्या देगा वापरल्या, जेवण मोठ्या ताटांत वाढले. एक-दोघांनी नाक मुरडले, बाकीचे मजेत जेवले. शेजारच्या मोहल्ल्यातून एकाने देगा मागितल्या. मशिदीच्या वुजूखान्याचे पाणी गटारीऐवजी आवारातल्या झाडांना द्यावे, असे आम्ही विश्वस्तांना सुचवले आहे. खर्च एका नळीचा आहे. नळांखाली बधने ठेवायला तर तेवढाही नाही.

एवढ्याने नहर वाहू लागणार नाही, हे आम्हाला कळते. पण पाणचक्कीही एकदम फिरत नाही. आधी खापराच्या एकेका नळीतून पाणी यावे लागते. जमातीची जुनी वही सापडली तेव्हा तिची शेवटची नोंद बरीच वर्षांपूर्वीची होती. त्याखाली आम्ही आमचे नाव लिहिले, चार देगा नेल्याची तारीख घातली आणि परत केल्यावर सही केली. पुढची ओळ रिकामी आहे.